गाणं जगभर पोचलं, पैसे कुठे अडले? बॅडफिंगर नावाच्या बँडचा हिशेब

'विदाउट यू' हे गाणं नव्वदच्या दशकात कॅसेट विकत घेणाऱ्यांना माराया कॅरीचं वाटतं, त्याआधीच्या पिढीला हॅरी निल्सनचं. ज्यांनी ते लिहिलं, त्याला चाल लावली आणि सगळ्यात आधी रेकॉर्ड केलं, त्या बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचं नाव घेतलं तर बहुतेक जण नुसते बघत राहतात.

ते गाणं लिहिणाऱ्या दोघांपैकी पीट हॅमने १९७५ मध्ये आत्महत्या केली आणि टॉम इव्हान्सने १९८३ मध्ये. दोन्ही वेळा पैशाचा गुंता गळ्याशी आलेला होता. त्यामुळे या बँडवर लिहिणारे हटकून 'शापित' हा शब्द वापरतात. मला तो पटत नाही. शाप म्हटलं की कुणाला जाब विचारायचा प्रश्नच संपतो. इथे तर जवळजवळ प्रत्येक वळणावर एक कागद आहे आणि त्या कागदावर सह्या आहेत. गाण्याचा पैसा कुठून येतो, कुणाकुणाच्या हातातून जातो आणि नेमका कुठे अडतो, हे समजून घ्यायचं तर बॅडफिंगरचा हिशेब उलगडून बघावा.

स्वान्सीची पोरं

वेल्समधलं स्वान्सी हे बंदराचं गाव. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे पीट हॅम आणि त्याच्या मित्रांनी बँड काढला. आयव्ही प्लेस नावाच्या गल्लीवरून त्याचं नाव ठेवलं 'दि आयव्हीज'. १९६६ च्या सुमारास बिल कॉलिन्स हा वयाने बराच मोठा माणूस त्यांचा मॅनेजर झाला. त्याने सगळ्यांना लंडनला आणून गोल्डर्स ग्रीन भागातल्या एका घरात ठेवलं. तिथेच राहायचं, तिथेच खायचं, तिथेच गाणी रचायची. पुढच्या वर्षी लिव्हरपूलचा टॉम इव्हान्स येऊन मिळाला.

बीटल्सचा जुना सहायक मॅल इव्हान्स (टॉमशी नातं काही नाही, आडनाव तेवढं एक) या पोरांच्या मागे लागला. त्यांच्या टेप तो बीटल्सना पुन्हा पुन्हा ऐकवत राहिला. बीटल्सनी १९६८ मध्ये 'अ‍ॅपल' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. बाहेरच्या बँडांपैकी तिने पहिला करार केला तो या आयव्हीजशी. १९६९ च्या अखेरीस त्यांनी नाव बदलून बॅडफिंगर केलं. तेही बीटल्सच्याच एका गाण्याच्या कच्च्या नावावरून आलं.

पहिलं मोठं यश मिळालं 'कम अँड गेट इट'ला. हे गाणं बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने लिहिलं. जुलै १९६९ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत त्याने सगळी वाद्यं एकट्याने वाजवून तासाभरात त्याचा नमुना तयार केला. थोड्याच दिवसांत बँडला बोलावून, हे असंच्या असं वाजवा, असं बजावलं. गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकावर गेलं. पोरं टीव्हीवर झळकली. दरम्यान रॉन ग्रिफिथ्स बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी जोई मोलँड आला. हॅम, इव्हान्स, मोलँड आणि ड्रम वाजवणारा माइक गिबिन्स हे ते गाजलेले चौघे.

एका गाण्याचे दोन सातबारे

रेकॉर्डवर वाजणाऱ्या प्रत्येक गाण्यात कायद्याच्या नजरेने दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. पहिली म्हणजे रचना, शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची, आणि त्याच्या वतीने व्यवहार बघणाऱ्या म्युझिक पब्लिशरची. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण. विशिष्ट दिवशी, विशिष्ट स्टुडिओत, विशिष्ट माणसांनी गाऊन-वाजवून टेपवर उतरवलेला तो आवाज. त्याची मालकी बहुधा रेकॉर्ड कंपनीची असते आणि कलाकाराला करारात ठरलेले टक्के मिळतात.

दोन्ही मालमत्तांचं उत्पन्न वेगळ्या वाटांनी येतं. रेकॉर्ड विकली गेली की प्रत्येक प्रतीमागे रचनेचे ठरावीक पैसे लेखकाच्या बाजूला जातात. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून १९७७ पर्यंत हा दर प्रत्येक गाण्याला, प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट होता. जवळजवळ सत्तर वर्षं तोच. दहा लाख प्रती खपल्या तर त्या गाण्याच्या रचनेचे वीस हजार डॉलर, आणि त्यातूनही पब्लिशरचा वाटा वजा. कलाकाराची रॉयल्टी वेगळी, पण ती हातात यायच्या आधी कंपनी स्टुडिओभाडं, निर्मात्याचं मानधन आणि दिलेली उचल कापून घेते.

उचल म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. ऊसतोडीला जाणारी कोयत्याची जोडी मुकादमाकडून हंगामाआधी रक्कम घेते आणि मग अख्खा हंगाम ती फेडण्यात जातो. रेकॉर्ड कंपनीची उचल थेट परत मागत नाहीत, पण ती वळती होईपर्यंत पुढचा पैसा दिसत नाही. बातमीत मात्र आकडा छापून येतो उचलीचा, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पोरांना लॉटरी लागली.

रेडिओचं गणित तर आणखी तिरपागडं आहे. अमेरिकेतल्या साध्या रेडिओ केंद्रावर गाणं वाजलं की पैसे फक्त रचनाकाराला आणि त्याच्या पब्लिशरला मिळतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला छदामही नाही. ब्रिटनमध्ये तसं नाही, तिथे कलाकारांचाही वाटा असतो. पण खरी मोठी बाजारपेठ अमेरिकेची.

हे लक्षात ठेवून 'कम अँड गेट इट'कडे परत बघा. गाणं मॅकार्टनीचं, म्हणजे रचनेचा सगळा ओघ त्याच्याकडे. अमेरिकेत ते रेडिओवर हजारदा वाजलं तरी या चौघांच्या खिशात त्यातून काही पडणार नव्हतं. प्रसिद्धी भरपूर मिळाली, कार्यक्रमांचा भाव वाढला. पण बँडला स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर स्वतःची गाणी लिहिणं भाग होतं.

आणि ती त्यांनी लिहिली. नोव्हेंबर १९७० च्या 'नो डाइस' या अल्बमवरचं पीट हॅमचं 'नो मॅटर व्हॉट' अमेरिकेत आठव्या आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचलं. त्याच अल्बमच्या पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं होतं 'विदाउट यू'.

ते कसं तयार झालं ते बघण्यासारखं आहे. हॅमकडे एक अर्धवट गाणं पडून होतं. अंतरे चांगले जमलेले, पण ध्रुवपद फिकं. इव्हान्सकडे एक जोरकस ध्रुवपद होतं, पण त्याला अंतरे नव्हते. दोघांनी दोन अर्धी गाणी जोडली. जोड आजही ऐकू येतो. अंतऱ्यात माणूस खालच्या आवाजात स्वतःशी बोलतो आणि ध्रुवपदाला एकदम टाहो फोडतो. बॅडफिंगरला स्वतःला ते फार मोठं वाटलं नसावं, कारण त्यांनी ते सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी रेकॉर्ड, म्हणून काढलंसुद्धा नाही.

अमेरिकी गायक हॅरी निल्सनच्या कानावर ते पडलं तेव्हा त्याला ते बीटल्सचंच वाटलं. त्याने ते संथ केलं, पियानोवर आणलं, वाद्यवृंद चढवला. १९७२ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत चार आठवडे आणि ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. निल्सनला गायनाचं ग्रॅमी मिळालं, हॅम आणि इव्हान्स यांना लेखनासाठी ब्रिटनचा आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार मिळाला.

आता हिशेब लावू. ध्वनिमुद्रण निल्सनचं, त्यामुळे बॅडफिंगर या बँडला, म्हणजे मोलँड आणि गिबिन्स यांना, त्यातून काही नाही. रचना हॅम आणि इव्हान्सची, म्हणून रचनेचे पैसे त्यांच्या नावे. एकाच घरात राहणाऱ्या, एकाच गाडीतून फिरणाऱ्या चौघांपैकी दोघांच्या नावावर जगभर वाजणारं गाणं आणि दोघांच्या नावावर काही नाही. पुढच्या भांडणाचं बी इथे पडलं.

आपल्याकडेही हा प्रश्न जुनाच. साठच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकाच्या रॉयल्टीचा मुद्दा लावून धरला आणि त्यावरून महंमद रफींबरोबर त्यांची द्वंद्वगीतं काही वर्षं बंद होती. गीतकार-संगीतकारांसाठी २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगीतांच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा आता वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाच्याही नावे लिहून देता येत नाही. लिहून दिलाच तर तो कागद रद्दी. दुरुस्ती होईपर्यंत कित्येकांनी काय काय लिहून दिलं होतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

न्यूयॉर्कचा मॅनेजर

१९७० च्या अखेरीस बँडने अमेरिकेतल्या कामासाठी स्टॅन पॉली या न्यूयॉर्कच्या व्यावसायिकाशी करार केला. त्याने 'बॅडफिंगर एंटरप्रायझेस' ही कंपनी स्थापन केली. बँडचं उत्पन्न त्या कंपनीत जमा व्हायचं आणि चौघांना तिच्यातून पगार मिळायचा.

कल्पना म्हणून यात वावगं काही नव्हतं. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात वरच्या उत्पन्नावरचा कर ८३ टक्क्यांपर्यंत गेला होता. पैसे कंपनीत ठेवून थोडेथोडे काढणं हा तिथल्या कलाकारांचा नेहमीचा मार्ग होता. शिवाय या मुलांनी कधी बँकेचं पासबुक धड बघितलेलं नाही. कुणी जाणता माणूस व्यवहार बघतोय म्हटल्यावर त्यांना हायसंच वाटलं असणार. गोम एवढीच की कंपनीची सूत्रं पॉलीच्या हातात होती. पैसा कमावणारे चौघे स्वतःच्याच कमाईवर पगारी नोकर झाले.

पॉलीच्या हिशेबनिसांनी तयार केलेलं ८ डिसेंबर १९७० ते ३१ ऑक्टोबर १९७१ या काळाचं एक विवरणपत्र पुढे बाहेर आलं. त्यातले आकडे असे: मोलँडला पगार आणि उचल मिळून ८,३३९ डॉलर, इव्हान्सला ६,८६१, गिबिन्सला ६,२११ आणि पीट हॅमला ५,९५९. कंपनीचा निव्वळ नफा २४,५६९ डॉलर. मॅनेजरचं कमिशन ७५,७४४ डॉलर.

चौघांची बेरीज केली तर २७,३७० येते. एकट्या मॅनेजरच्या खात्यात त्याच्या पावणेतीनपटीहून जास्त रक्कम गेली. आणि ज्याने 'नो मॅटर व्हॉट' लिहिलं त्याच्या नावासमोर सगळ्यात लहान आकडा आहे. चोरी लपवण्याचा यात काही प्रयत्नसुद्धा दिसत नाही. सगळं टंकलिखित, रकान्यात, नीटनेटकं. वाचणारं कुणी असतं तर तिथेच प्रश्न विचारला गेला असता. बँडच्या जवळच्या काहींनी शंका काढल्याही, पण हॅमचा पॉलीवर विश्वास होता आणि बँडमध्ये हॅमचा शब्द चालायचा.

त्या अकरा महिन्यांत ही मंडळी काय करत होती? १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि तबल्यावर अल्लारखाँ बसले होते. नंतरच्या भागात मागे ओळीने गिटार घेऊन बसलेली पोरं म्हणजे बॅडफिंगर. 'हिअर कम्स द सन' हे हॅरिसनने फक्त दोन गिटारवर वाजवलं. त्यातली दुसरी गिटार पीट हॅमची. त्या मैफलीचं चित्रण आजही बघायला मिळतं. हॅम खाली मान घालून वाजवतो, एकही सूर हलत नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी 'स्ट्रेट अप' आला. त्याचं काम काही काळ हॅरिसनने बघितलं आणि टॉड रुंडग्रेन या अमेरिकी निर्मात्याने पुरं केलं. 'डे आफ्टर डे' अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेलं, 'बेबी ब्लू' चौदाव्या. ही दोन्ही हॅमचीच गाणी. हा त्यांचा माथ्यावरचा काळ.

एक लाख डॉलरचं खातं

बीटल्स फुटल्यावर अ‍ॅपल कंपनी कोर्टकचेऱ्यांत सापडली. पॉलीने बॅडफिंगरला वॉर्नर ब्रदर्सकडे नेलं. करार सहा वर्षांचा, वर्षाला दोन अल्बम, आणि वर्तमानपत्रांत आकडा आला तीस लाख डॉलर. वर्षाला दोन अल्बम म्हणजे कारखानाच. दौरे करायचे, त्यातून वेळ काढून गाणी लिहायची, रेकॉर्ड करायची आणि लगेच पुढच्याला लागायचं. अ‍ॅपलने त्यांचा शेवटचा अल्बम रखडवून १९७३ च्या अखेरीस काढला आणि वॉर्नरचा पहिला फेब्रुवारी १९७४ मध्ये आला. दुकानात त्यांचीच एक रेकॉर्ड दुसरीच्या पायात पाय घालत होती. अ‍ॅपलच्या त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर लांबवर लोंबणाऱ्या प्रचंड गाजराकडे बघणारं गाढव आहे. बँडला आपली अवस्था अगदीच कळत नव्हती असं म्हणता येणार नाही.

या गोष्टीत सगळ्यात कमी सांगितला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा आहे. वॉर्नरच्या पब्लिशिंग विभागाने गाण्यांच्या हक्कांपोटी उचल दिली होती. करारात अट अशी, की त्यातले एक लाख डॉलर पॉलीने एका वेगळ्या खात्यात सुरक्षित ठेवायचे, आणि ते खातं वॉर्नरलाही हाताळता यावं आणि बँडलाही. व्यवहार फिसकटला तर दोन्ही बाजूंना आधार म्हणून ही रक्कम. जागेच्या व्यवहारात मध्यस्थाकडे अनामत ठेवतात तसलाच प्रकार.

वॉर्नरने विचारलं, खातं कुठल्या बँकेत आहे? पॉलीने सांगितलं नाही. पुन्हा विचारलं, तरी उत्तर नाही. डिसेंबर १९७४ मध्ये वॉर्नरच्या पब्लिशिंग विभागाने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात पॉली आणि बॅडफिंगर एंटरप्रायझेस यांच्यावर दावा ठोकला.

दावा कुणावर झाला ते नीट बघा. कंपनीचं नाव बॅडफिंगर. कंपनीचे पैसे ज्याने हाताळले तो पॉली. आणि कोर्टाच्या कागदावर नाव आलं म्हणून ज्यांचं काम बंद पडलं ते वाजवणारे. त्यांचा नवा अल्बम 'विश यू वेअर हिअर' नुकताच दुकानांत आला होता, समीक्षकांनी उचलून धरला होता. वॉर्नरने काही आठवड्यांतच तो बाजारातून काढून घेतला. याच सुमाराला मोलँडने बँड सोडला.

पॉलीचा सल्ला आला, लगेच आणखी एक अल्बम करा, म्हणजे पुढची उचल निघेल. लंडनच्या अ‍ॅपल स्टुडिओत उरलेल्यांनी दोन आठवड्यांत 'हेड फर्स्ट' पुरा केला. वॉर्नरने तो घेतला नाही, कारण दावा चालू होता. ती टेप पुढे पंचवीस वर्षं पडून राहिली आणि २००० साली प्रसिद्ध झाली.

१९७५ च्या वसंतात पगाराचे चेक थांबले. हॅमने सरे परगण्यातल्या वोकिंग गावी नुकतंच घर घेतलं होतं, त्याची जोडीदार गरोदर होती. तो अमेरिकेला फोन लावत राहिला, पॉली भेटत नव्हता. मागचा करार पॉलीच्या हातात असल्यामुळे दुसरा मॅनेजर शोधायचा म्हटलं तरी कुणी हात लावायला तयार नव्हतं. २४ एप्रिल १९७५ रोजी त्याने जीवन संपवलं. तीन दिवसांनी तो अठ्ठावीस वर्षांचा झाला असता. महिन्याभराने त्याच्या मुलीचा जन्म झाला. माणूस इतक्या टोकाला का जातो याचं एकच कारण सांगता येत नाही, आणि मीही ते सांगायला जाणार नाही. पण ज्याच्या नावावर जगातलं एक सर्वाधिक वाजणारं गाणं होतं त्याच्याकडे त्या आठवड्यात पैसे नव्हते, ही नोंद कुठेतरी नीट झाली पाहिजे.

साचलेली रॉयल्टी

नंतरच्या वर्षांत अ‍ॅपलच्या काळातल्या गाण्यांची रॉयल्टी वादामुळे गोठलेली राहिली. रेकॉर्ड दुकानांतून गायब झाल्या. मोलँड लॉस एंजेलिसमध्ये गालिचे बसवायचं काम करत होता, इव्हान्स इंग्लंडमध्ये पाइपांना आवरण घालायचं. १९७९ आणि १९८१ मध्ये दोघांनी बॅडफिंगरच्या नावाने एकेक अल्बम काढला. दोन्ही बेताचे. मग दोघे फाटले, आणि काही काळ अमेरिकेत एकाच नावाचे दोन बॅडफिंगर दौरे करत होते. बँडचं नाव हीसुद्धा मालमत्ताच. ती कुणाची हे कुठे लिहून ठेवलेलं नसेल तर भावकीत जे होतं तेच होतं.

'विदाउट यू'चा पैसाही वादात आला. चांगल्या दिवसांत एकमेकांत वाटून घेण्याचं बोलणं झालं होतं, त्याच्या आधारावर मोलँड, गिबिन्स आणि जुना मॅनेजर बिल कॉलिन्स यांनीही वाटा मागितला. इव्हान्सचं म्हणणं, गाणं लिहिलं मी आणि पीटने. इतरांचं म्हणणं, बँड नसता तर गाणं कुठून आलं असतं? दोन्ही बाजू मला समजतात, त्यामुळेच हा भाग वाचवत नाही. नोव्हेंबर १९८३ मध्ये मोलँडबरोबर फोनवर याच विषयावर कडाक्याचं भांडण झालं, आणि त्यानंतर इव्हान्सनेही हॅमचाच मार्ग धरला. तो छत्तीस वर्षांचा होता.

अ‍ॅपलकडे साचलेला पैसा मोकळा झाला तो १९८५ मध्ये, न्यायालयीन तोडगा निघाल्यावर. हॅमला जाऊन दहा वर्षं झाली होती, इव्हान्सला दोन.

आणि मग गाणं पुन्हा उठलं. जानेवारी १९९४ मध्ये माराया कॅरीचं 'विदाउट यू' सिंगल म्हणून निघालं. त्याच महिन्यात निल्सन वारला. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत तिसऱ्या. पण कमाईच्या दृष्टीने सिंगलपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. हे गाणं तिच्या 'म्युझिक बॉक्स' अल्बमवर होतं, आणि तो जगभरात दोन कोटींहून जास्त खपला. अल्बम कुणी कुठल्याही गाण्यासाठी घेवो, त्यावरच्या प्रत्येक गाण्याच्या लेखकाला प्रत्येक प्रतीमागे पैसे लागू होतात. अमेरिकेत तेव्हा कायद्याने ठरलेला दर ६.६ सेंट होता. त्या दराने एक कोटी प्रतींचे एका गाण्याला ६ लाख ६० हजार डॉलर होतात. शिवाय रेडिओ, टीव्ही, कार्यक्रम. प्रत्यक्षात दर घासाघीस करून खाली येतात, देशागणिक बदलतात, पब्लिशरचा वाटा जातो. तरी हॅमच्या मुलीला आणि इव्हान्सच्या कुटुंबाला बापाच्या गाण्याने पोसलं ते मुख्यतः या दुसऱ्या जन्मात.

पॉलीचं काय झालं, हा प्रश्न कुणालाही पडेल. बॅडफिंगरच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली नाही. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात एका वेगळ्याच गुंतवणूकदाराच्या तक्रारीवरून त्याच्यावर पैशाच्या अफरातफरीचा खटला झाला. त्याने आरोपांना विरोध केला नाही, त्याला तुरुंगाऐवजी देखरेखीची शिक्षा आणि भरपाईचा आदेश मिळाला. तो २००९ मध्ये वारला.

२९ सप्टेंबर २०१३ रोजी 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकी मालिकेचा शेवटचा भाग लागला आणि अखेरच्या दृश्यावर 'बेबी ब्लू' वाजलं. मालिकेत गाणं वापरायला दोन परवाने लागतात, एक रचनेचा आणि एक ध्वनिमुद्रणाचा. म्हणजे त्या रात्री दोन्ही सातबाऱ्यांवर एकदम नोंद झाली. रचनेचा हॅमच्या वारसांकडे, ध्वनिमुद्रणाचा अ‍ॅपल आणि बँड यांच्याकडे. ज्या ब्रिटनमध्ये ते १९७२ साली सिंगल म्हणून निघालंच नव्हतं तिथल्या यादीत ते एक्केचाळीस वर्षांनी शिरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्वान्सीत हॅमच्या नावाची निळी स्मृतिपाटी लागली होती. गिबिन्स २००५ मध्ये गेला होता, मोलँड मार्च २०२५ मध्ये गेला. गाजलेल्या चौघांपैकी आता कुणी नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर 'स्ट्रेट अप'पासून करा. 'डे आफ्टर डे'मध्ये मधल्या जागी दोन गिटारी एकमेकींना धरून सरकत जातात, त्यातली एक हॅरिसनची आहे. मग 'विश यू वेअर हिअर', जो सात आठवड्यांत दुकानांतून उचलला गेला आणि माझ्या मते त्यांचा सगळ्यात पक्का अल्बम आहे. 'नो डाइस'वरचं मूळ 'विदाउट यू' शेवटी ऐका. निल्सन आणि कॅरी डोक्यात असतील तर ते आधी कच्चं वाटेल. लय जरा चढी, मागे ऑर्गन, वरच्या सुराची कसरत नाही. अंतरा हॅम गातो. ध्रुवपदाला इव्हान्सचा आवाज वर येतो, आणि दोन अर्धी गाणी कुठे जोडली तो सांधा तिथे स्पष्ट ऐकू येतो.